क्यू आहे, पण यू नाही : तिसऱ्या महिन्याची नोंद

क्यू हे अक्षर असलेले, पण त्याच्या पाठोपाठ यू न येणारे इंग्रजी शब्द पाठ करायला घेतले, त्याला या आठवड्यात तीन महिने पूर्ण झाले. वहीत आज 46 शब्द आहेत आणि रविवारी स्वतःची परीक्षा घेतली तेव्हा त्यांपैकी 39 शब्द अर्थासह व बिनचूक स्पेलिंगसह लिहिता आले. अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून शब्द बनवण्याचा स्क्रॅबल हा खेळ खेळणाऱ्यांना या यादीची किंमत ठाऊकच आहे. 100 टाइल्समध्ये क्यू एकच असतो आणि यू फक्त चार. प्रतिस्पर्ध्याने आधी रॅक, म्हणजे आपल्या टाइल्सची पट्टी, रिकामा केला आणि क्यू आपल्याकडेच उरला, तर आपले 10 गुण वजा होतात आणि त्याच्या खात्यात 10 जमा होतात. गेल्या पावसाळ्यात एका स्थानिक स्पर्धेत मी 12 गुणांनी हरले ती अशीच. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात ए-टी हा शब्द होता आणि त्याच्या आधीचे घर मोकळे होते. तिथे क्यू ठेवला असता तर क्यू-ए-टी, म्हणजे येमेन व इथिओपियात लोक चघळतात ती पाने, असा शब्द झाला असता आणि डावही माझा झाला असता. त्या रात्रीच वहीचे पहिले पान लिहिले.

क्यूमागे यू कसा चिकटला, हे समजून घेतल्यावर पाठांतर बरेच सोपे झाले. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द सी-डब्ल्यूने सुरू होत असे; 1066 नंतर नॉर्मन लेखनिकांनी फ्रेंच वळणाने तिथे क्यू-यू लिहायला सुरुवात केली आणि तीच रीत कायम झाली. त्यामुळे यूशिवायचे क्यूचे शब्द बहुतेक बाहेरून आलेले असतात. क्यू-आय हा सर्वांत उपयोगी दोन अक्षरी शब्द चिनी आहे आणि त्याचा अर्थ प्राणशक्ती. उत्तर अमेरिकेच्या शब्दयादीत तो 2006 मध्ये आला. आपण कॉलिन्स या कोश-प्रकाशकाच्या ज्या स्क्रॅबल शब्दयादीवर खेळतो, तिच्यातले असे कितीतरी शब्द मात्र अरबीतले आहेत. घशातून उच्चारल्या जाणाऱ्या ‘काफ’ या अरबी अक्षरासाठी इंग्रजीने क्यू वापरला, तर मराठीने तेच शब्द घेताना त्या अक्षराचा साधा क केला.

म्हणूनच आपल्याला या यादीत जुने ओळखीचे भेटतात. फकीर, तलाक, कव्वाल, कव्वाली, कलमदान, इन्किलाब आणि वक्फ हे सगळे शब्द तिथे चालतात. वक्फ डब्ल्यू-ए-क्यू-एफ असा लिहितात आणि चारच अक्षरांत 19 गुण देतो. सर्वांत आनंद झाला तो मुकादम सापडल्यावर! ऊसतोडीच्या टोळ्या आणणारा आपला मुकादम इंग्रजी कोशात गावचा प्रमुख म्हणून बसला आहे. त्याचे स्पेलिंग एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम; मराठीने उच्चाराच्या ओघात सोडून दिलेला दुसरा द इंग्रजीने जपला आहे. कव्वालीतला व्व मात्र दोन्हीकडे टिकला, तिथे डब्ल्यू दोनदा येतो. संचातले दोन्ही डब्ल्यू त्यासाठी लागतात, त्यामुळे ही सात अक्षरी कव्वाली आणि सातही टाइल्स एकाच खेळीत लावल्याचे 50 जादा गुण मला अजून एकदाही साधलेले नाहीत.

या ओळखीवर विसंबून मी दोनदा फसले, आणि ते दोन्ही शब्द वहीत लाल शाईने लिहिले आहेत. क्यू-ए-आय-डी हा शब्द मी कितीतरी दिवस ‘कैद’ समजत होते. तो उत्तर आफ्रिकेतला मुखिया आहे. ‘कायदे-आझम’मधला कायद तो हाच. हीच चार अक्षरे क्यू-ए-डी-आय अशी लावली की काजी होतो, त्यामुळे हे दोघे मी पाठांतराच्या एकाच कार्डावर ठेवले आहेत. दुसरी चूक क्यू-ए-एन-ए-टी या शब्दाची. मला तंबूची कनात डोळ्यांसमोर आली, पण कोशातला अर्थ जमिनीखालून पाणी वाहून नेणारा कालवा असा निघाला. मलिक अंबरने 17व्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेली नहर-ए-अंबरी याच पद्धतीची आहे. ते वाचल्यापासून हा शब्द कधी विसरले नाही.

अर्थापेक्षा खरी अडचण स्पेलिंगची आहे. मराठीत क एकच, त्यामुळे शब्द ऐकून तिथे के येणार की क्यू, हे कळत नाही. फकीर, बुरखा आणि कोर्मा हे दोन्ही अक्षरांनी चालतात, पण सगळ्याच शब्दांना ही सवलत नाही. म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे आता मी ‘फक्त क्यू’ किंवा ‘दोन्ही’ अशी नोंद करते. ज्यांनी हा अभ्यास नुकताच सुरू केला असेल त्यांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गेल्या शनिवारी या सगळ्याचे चीज झाले. समोरच्याने टी-ए-एल-ए, म्हणजे संगीतातला आपला ताल, मांडला होता. त्याच्या शेवटी क्यू ठेवून मी तलाक केला आणि त्याच क्यूखाली आय लावून क्यू-आयही पूर्ण केला. क्यू अक्षराचे गुण दुप्पट करणाऱ्या घरावर पडला होता, त्यामुळे 24 आणि 21 असे एकूण 45 गुण मिळाले. प्रतिस्पर्ध्याने चॅलेंज केला, म्हणजे शब्द यादीत तपासायला लावले; दोन्ही ग्राह्य ठरले.

रविवारच्या परीक्षेत न आलेल्या सात शब्दांपैकी तीन अल्बेनियाच्या नाण्याचे आहेत. ‘लेक’ या तिथल्या चलनाचा शंभरावा भाग असलेले हे एकच नाणे किंदार आणि किंतार अशा दोन्ही रूपांत चालते, आणि किंदारचे अनेकवचन एस लावूनही होते व ‘किंदारका’ असेही. तिन्ही कार्डे सध्या रोजच्या गठ्ठ्यात सर्वांत वर आहेत.