झाडाच्या पानांना चौकटी, आणि मराठी अक्षरांचा वरखाली पसारा

वाक्याचं ट्री डायग्राम (वाक्याची रचना फांद्यांत दाखवणारं चित्र) वर्डमधे हाताने काढणाऱ्यांच्या चिकाटीला सलाम, पण खरंच कशाला? एक शब्द बदलला की टेक्स्टबॉक्स सरकतो, रेघ लोंबकळत राहते, मग सगळं परत ग्रुप करा, परत ओढा, आणि गाईड म्हणणार की अहो इथे अजून एक एनपी (नामाचा गट) हवी होती. भाषाशास्त्राचं काही लिहीत असाल तर सरळ लाटेक (आज्ञा लिहून मजकूर मांडायची प्रणाली) घ्या आणि त्यात झाडं काढणारं फॉरेस्ट पॅकेज. ते साशो झिवानोविच यांनी लिहिलंय, 2012 पासून आहे, आणि ते स्वतः भाषाशास्त्रज्ञ, त्यामुळे आपल्याला काय लागतं ते त्यात आधीच विचार करून ठेवलेलं दिसतं. आतून सगळं टिकझेडवरच, म्हणजे लाटेकच्या चित्रं काढायच्या पॅकेजवरच, चालतं.

लिहायचं कसं, तर भाषाशास्त्रवाले कागदावर कंस टाकतात तसंच (व्हीपी म्हणजे क्रियापदाचा गट). हे बघा:

[वाक्य
  [एनपी [माझ्या] [भावाने]]
  [व्हीपी
    [एनपी [नवीन] [सायकल]]
    [घेतली]]]

झालं. रेघा, अंतरं सगळं तो बघतो. फक्त एक लक्षात ठेवा, नोडमधे, म्हणजे झाडाच्या एकेका गाठीत, स्वल्पविराम आला की त्याच्या पुढचं सगळं तो ऑप्शन समजतो, म्हणून मजकुरातच स्वल्पविराम हवा असेल तर तो मजकूर महिरपी कंसात टाका.

आता पानांच्या, म्हणजे खाली फांदी नसलेल्या शेवटच्या नोडच्या, चौकटी. बरेच जण प्रत्येक शब्दापुढे स्वल्पविराम देऊन ड्रॉ (चौकट काढायची सूचना) लिहीत बसतात, पाच शब्दांना चालतं, पण पुढे एखाद्या पानाखाली अजून फांदी फुटली की ते पान राहत नाही आणि चौकट मात्र तिथेच मधे बसून राहते. त्यापेक्षा झाडाच्या सुरुवातीलाच एक नियम सांगायचा, की ज्या नोडची एन चिल्ड्रन (खालच्या फांद्यांची संख्या) शून्य आहे त्याला ड्रॉ, बाकीच्यांना काही नाही. व्हेअर एन चिल्ड्रन अशी कीच आहे त्याला. मग झाड कितीही वाढवा, चौकट आपोआप शेवटच्या टोकालाच जाते. त्याच नियमात सगळ्या पानांना एकच टिअर (पातळी) देऊन टाका, म्हणजे 'नवीन सायकल' एक पायरी खाली आणि 'घेतली' वर लटकलेलं असं न होता अख्खं वाक्य तळाला एका ओळीत वाचता येतं. आणि चाइल्ड अँकर (रेघ खालच्या नोडला जिथे टेकते ती जागा) नॉर्थ करा, नाहीतर रेघ तिरकी येऊन चौकटीच्या कुठल्याही जागी टेकते, फार गबाळं दिसतं.

इथपर्यंत इंग्रजी वाक्याचं आणि आपलं सारखंच. खरी गंमत देवनागरीत. आधी तर पीडीएफ-लाटेक विसरा, झी-लाटेक किंवा लुआ-लाटेक घ्या, ही सगळी लाटेक चालवणारी इंजिनं (ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक एडिटरवर सेटिंगमधे कंपायलर बदलावा लागतो), फॉन्ट निवडायच्या फॉन्टस्पेक पॅकेजमधे नोटो सेरिफ देवनागरी किंवा तुमचा आवडता फॉन्ट लावा आणि स्क्रिप्ट देवनागरी आहे हे सांगा, हे न सांगितल्यामुळे वेलांट्या आणि जोडाक्षरं बोंबललेली मी किती जणांच्या पीडीएफमधे बघितलीत. लुआ-लाटेकमधे रेंडरर हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) करायचा.

आणि मग चौकटी काढल्या की दिसतं की एकही चौकट दुसरीएवढी नाही. 'घर' ची बुटकी, 'मुलगा' ची खालून वाढलेली कारण उकार, 'गर्दीतून' ची वर रफार-वेलांटी आणि खाली उकार म्हणून दोन्हीकडून. शिरोरेषा सगळ्यांच्या एका ओळीत आहेत, फॉरेस्ट तेवढं नीट करतो, पण चौकटींच्या कडा वरखाली, पडायला आलेल्या दातांसारख्या. उपाय सोपा आहे, टेक्स्ट हाइट आणि टेक्स्ट डेप्थ (मजकुराची वरची उंची आणि खालची खोली) दोन्ही ठरवून द्यायचे. 12 पॉइंटच्या अक्षराला वर 12 पॉइंट आणि खाली 5 पॉइंट दिलं की साधारण सगळं मावतं, फॉन्टनुसार थोडं इकडेतिकडे. फक्त मिनिमम हाइट देऊन भागत नाही, कारण मग चौकटी सारख्या होतात पण मजकूर प्रत्येकीत मधोमध बसतो आणि शिरोरेषा तरी नाहीतर कडा तरी, काहीतरी एक हलतंच.

पण चौकटी काढायला लागलं की अजून एक प्रश्न येतो आणि तो लाटेकचा नाही. 'भावाने' एक पान की दोन? लिहिताना आपण प्रत्यय जोडून लिहितो म्हणून एक वाटतं. पण 'राम आणि श्यामने' म्हणतो तेव्हा तो ने एकट्या श्यामचा नसतो, दोघांचा असतो. मग 'श्यामने' ला एक चौकट दिली तर झाड चुकीचं सांगतंय. म्हणून मी तोडते, श्याम एक चौकट, -ने वेगळी चौकट, आणि -ने ची फांदी अख्ख्या एनपीच्या शेजारून येते. 'भावा' असं सामान्यरूप एकटं चौकटीत बघायला पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण 'मोठ्या भावाने' मधे 'मोठा' चं 'मोठ्या' का झालं हे समजवायला तेच उपयोगी पडतं. काही लोक याला मानत नाहीत, त्यांनी एकच चौकट ठेवावी, पण मग सगळीकडे तशीच ठेवावी, अर्धं तोडायचं अर्धं नाही असं नको.

'घरी' तोडताना मात्र जपून. घर आणि नुसती दीर्घ वेलांटी असं टाइप केलंत तर दुसऱ्या चौकटीत ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ येतं, कारण काना-मात्रा-वेलांटीला धरायला अक्षर लागतं, नसेल तर हार्फबझ ते वर्तुळ घालतो. तिथे सरळ -ई लिहा.

अध्याहृत (वाक्यात न उच्चारलेला) कर्ता दाखवायला रिकामं पान ठेवलंत तर त्यालाही तो ड्रॉचा नियम इमानेइतबारे रिकामी चौकट काढतो, तिथे शून्याचं चिन्ह टाका, वाचणाऱ्यालाही कळतं. आणि प्रबंधात झाडं खूप झाली की कंपाइल रेंगाळायला लागतं, तेव्हा प्रत्येक झाड स्टँडअलोन क्लासमधे (एकट्या चित्राचं पान करणारा लाटेकचा साचा) वेगळ्या फाइलीत करून त्याची पीडीएफ मुख्य फाइलीत चित्रासारखी जोडा.