सराफ्यातला मूगडाळीचा हलवा

इंदूरला जायचं तर हिवाळ्यात, आणि सराफ्यात शिरायचं तर रात्री दहानंतर. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. संध्याकाळ उलटली की दुकानांची शटर खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया, तवे, पराती मांडल्या जातात. रात्रीही वर्दळ राहावी, म्हणजे चोराचिलटांची भीती नको, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना थारा दिला असं इथले लोक सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण हिशोब पटण्यासारखा आहे.

होळकरांच्या राजवाड्यापासून चालतच आलो. सात मजली वाडा, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. सवडीने बघावा असा, पण पोटात कावळे ओरडत असताना वास्तुकला कोण बघतो!

आधी गराडू. रताळ्यासारखा दिसणारा हा कंद तळून, वर जीरावन मसाला आणि लिंबू मारून देतात. थंडीतच मिळतो. तोंड चांगलं पोळून, नाक वाहायला लागल्यावर गोडाकडे वळलो. सगळी गर्दी जलेबाच्या कढईभोवती. जलेबा म्हणजे ताटलीभर पसरणारी, पाव किलोच्या आसपासची एकच जिलबी. फोटोला झकास, खाताना निम्म्यातच पाक अंगावर येतो. माझं मत विचाराल तर तिथे वेळ घालवू नका. दोन पावलं पुढे मूगडाळीच्या हलव्याची कढई असते, तिथे थांबा.

हा हलवा घाईत होत नाही. भिजवलेली डाळ रवाळ वाटून तुपात मंद आचेवर परतायची. आधी तिचा चिकट गोळा होतो, कढईला धरतो, हात भरून येतात. परतत राहिलं की गोळा मोकळा होतो, दाणा सुटतो, खमंग वास येतो आणि डाळीने प्यायलेलं तूप पुन्हा कडेला दिसू लागतं. मग दूध, साखर, खवा. इथे तयार हलवा मोठ्या कढईत मंद आचेवर ठेवलेला असतो आणि हलवाई अधूनमधून खुरप्याने तळ खरवडून वरखाली करत असतो.

‘भिया, कितना दूँ?’

मी कडेच्या लालसर भागाकडे बोट दाखवलं. ‘किनारे वाला दो.’ तो हसला. द्रोणात दोन खुरपी हलवा, वर बदामाचे काप. द्रोण इतका गरम की या हातातून त्या हातात करावा लागला. पहिला घास जिभेवर टेकवण्याआधी फुंकर घाला, नाहीतर गराडूने सोडलेली जीभही जाईल. कडेचा भाग किंचित चिवट, भाजक्या चवीचा, मधला मऊसूत. गोडी बेताची, तूप मात्र हात सैल सोडून.

शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं, इंदूरचंच. आजींनी माझ्या हातातली पाण्याची बाटली पाहिली आणि ओळखदेख नसताना दटावलं, ‘अहो, यावर गार पाणी नका पिऊ, घसा धरेल. दूध घ्या गरम, त्या तिकडे कढईतलं.’

ऐकलं. दूध केशराचं होतं, वर जाड साय. त्यानंतर शिकंजीचा बेत होता. इथली शिकंजी लिंबाची नाही, आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली आणि गारेगार. आजी अजून तिथेच उभ्या होत्या, म्हणून तो बेत दुसऱ्या दिवसावर ढकलला.