हातमोजे का घातले नव्हते? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या डाव्या तर्जनीचे पहिले पेर नाही. उद्यमनगरात मी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करतो, त्यामुळे फौंड्रीवाले, वखारीतले हमाल, शिकायला येणारी पोरे, सगळ्यांची नजर कधी ना कधी त्या बोटावर जाते. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या करवतीवर गेले, असे मी सांगतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हातमोजं घातलं नव्हतं व्हय?" चौदा वर्षे मी या प्रश्नाला "नव्हते" एवढेच उत्तर देत आलो. त्यामुळे विचारणाऱ्याला आपण नेमके वर्मावर बोट ठेवले असे वाटत राहिले, आणि त्यात दोष माझाही आहे.

फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचेच नसतात. माझ्या यंत्राचे दहा इंची पाते मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते, म्हणजे दाताचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो. उघडे बोट लागले तर तेवढे कापले जाते. मोज्याचा धागा दातात अडकला तर मोजा हातासकट आत ओढला जातो. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, अंगठी, मनगटावरचा दोरा यांनाही हेच लागू आहे. मोजे असते तर माझे एक पेर गेले नसते, कदाचित पंजा गेला असता. हे मी चिडून लिहितो आहे याची मला कल्पना आहे. पण काळजीने विचारलेल्या या प्रश्नामुळेच एखादा नवा मुलगा मोजे घालून यंत्रावर उभा राहील, याची मला खरोखर भीती वाटते.

आता त्या दिवसाचे सांगतो. २०११ चा ऑगस्ट होता, आठवडाभर पाऊस थांबला नव्हता आणि एका पंपाच्या बॉडीचा पॅटर्न संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. सकाळी मी काही पट्ट्यांना खोबणी पाडल्या होत्या. खोबण पाडताना पाते लाकडातून वर येत नाही, आणि माझ्या यंत्राची पात्यामागची सुरी, म्हणजे कापलेली फट मिटू न देणारी रायव्हिंग नाइफ, पात्याच्याही वर उभी असे, कारण वरचे झाकण तिलाच बसवलेले होते. म्हणून सुरी आणि झाकण दोन्ही काढावे लागत. दोन बोल्ट, फार तर चार मिनिटांचे काम. ते मी काढले आणि परत बसवले नाहीत. दुपारी दोन फूट लांबीची सागवानी फळी उभी चिरायला घेतली. उजव्या हाताने मी ती पुढे ढकलत होतो आणि डाव्या हाताने फेन्सकडे, म्हणजे फळी सरळ सरकावी म्हणून पात्याशेजारी बसवलेल्या आडपट्टीकडे, दाबत होतो. पाऊण फळी चिरून झाली तेव्हा मोटारीचा आवाज जड झाला. तो आवाज मी ओळखतो. कापलेली फट मागून मिटत असली, की असा आवाज येतो. त्या वेळी फळी आहे तिथे घट्ट धरून यंत्र बंद करायचे असते. मी मात्र जोर वाढवला. पात्याच्या मागच्या बाजूचे दात खालून वर येतात. त्यांनी फळी उचलली आणि माझ्या कमरेजवळून मागच्या शटरवर फेकली. शटर दणाणले ते मी ऐकले. डावा हात अजून दाबतच होता. ज्या दिशेला तो दाबत होता त्या दिशेला आता लाकूड नव्हते, पाते होते. दुखले नाही. टेबलाच्या ओतीव पृष्ठावर भुश्याचा पातळ थर होता आणि त्यावर थेंब पडले की त्यांच्या बारीक गोळ्या होत होत्या, त्या मी उभा राहून पाहत होतो. शेजारच्या लेथवाल्याने धावत येऊन बटण बंद केले.

हाताला टाके पडले, महिना गेला, आणि मग मी यंत्र तपासायला बसलो. पात्याच्या एका दातावर पेन्सिलीची खूण केली, तो दात पुढे आणून फेन्सपासूनचे अंतर मोजले, पाते हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजले. मागे अंतर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने कमी भरले. म्हणजे फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे झुकली होती आणि प्रत्येक फळी मागच्या दातांवर दाबली जात होती. बिडाच्या ओतकामासाठी मीटरमागे दहा मिलिमीटर आकस, म्हणजे धातू थंड होताना आटतो त्याची सूट, धरणारा मी माणूस. पॅटर्नमध्ये अर्धा मिलिमीटर चुकला तर मला रात्री झोप येत नाही. तरी ज्या यंत्रावर तो पॅटर्न कापतो, त्याची फेन्स मी वर्षभर तपासली नव्हती. बोटापेक्षा हे मला जास्त लागले.

पूर्वीचा मी इथे वाद घालतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तो म्हणतो, उस्तादांनी जन्मभर सुरीशिवाय सागवान चिरला, त्यांची दहाही बोटे शाबूत होती. सुरी ही भित्र्यांची सोय आहे. मी त्याला सांगतो, की उस्ताद पात्याच्या रेषेत कधी उभे राहत नसत, लाकूड पात्याला आवळते आहे असे वाटले की फटीत पाचर घालत आणि अंधारून आले की यंत्र बंद करत. यावर तो विचारतो, मग त्यांना वाचवले ते या सवयींनी की नशिबाने? इथे मला निश्चित काही सांगता येत नाही.

आता माझी सुरी पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित ठेंगणी आहे, इथेच पत्र्यातून कापून घेतलेली, त्यामुळे खोबणीसाठी ती काढावी लागत नाही. पात्याचा पत्रा २.२ मिलिमीटर, दातांची रुंदी ३.२, सुरी २.५, ती पत्र्यापेक्षा जाड आणि फटीपेक्षा पातळ असावी लागते आणि दातांच्या जितकी जवळ तितकी चांगली. पाते लाकडाच्या वर दातभरच काढतो. अरुंद पट्टी ढकलायला काठी असते. स्विच असा बसवला आहे की वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होत नाही. बोट लागताच पाच मिलिसेकंदांच्या आसपास थांबणाऱ्या अमेरिकन सॉस्टॉप करवतीबद्दलही मला सारखे विचारतात. ते तंत्र खरे आहे, ओढ मलाही वाटते. पण त्वचेचा स्पर्श ओळखून पाते अडवणारा तो ब्रेक मागे उडणारी फळी अडवत नाही, आणि माझ्या बाबतीत सुरुवात फळीने केली होती.

परवा शिकायला आलेल्या पोराला हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "काका, मग सुरी असती तर बोट ऱ्हायलं असतं न्हवं?" बहुधा राहिले असते, असे मी म्हणालो. फेन्स सरळ असती तरीही कदाचित राहिले असते. "आणि डावा हात पात्याच्या शेजारी कशाला ठिवला हुता?" त्याचे उत्तर मला देता आले नाही, कारण त्याआधीची वीस वर्षे तो तिथेच असायचा.