तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फोटोतल्या झुकिनीबद्दल

मंडळाच्या कार्यक्रमात, पुण्यातल्या लग्नांच्या पंगतीत, माझ्याकडे डबल बेस (माणसाएवढं उभं तंतुवाद्य) शिकायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून, सगळीकडून तोच प्रश्न येतो. "तुम्ही जॅझवाले दौऱ्यावर छोट्या शेतकऱ्यांना मदत करता म्हणे. म्हणजे नक्की काय करता?"

हे त्या फोटोमुळे. आम्ही चौघं गमबूट घालून उभे आहोत, हातात हिरव्यागार झुकिनीची (काकडीसारखी दिसणारी फळभाजी) कॅरेट, मागे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे डोंगर. पुढे एका आयोजकाने आम्हाला न विचारता तो जाहिरातीत छापला. त्या फोटोचं सांगतेच, पण आधी साधं उत्तर.

करारासोबत आयोजकाला मागण्यांची एक यादी जाते. तिला रायडर म्हणतात. आमच्या रायडरमध्ये लिहिलेलं असतं की बाटलीबंद पाणी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सँडविच नकोत, जवळच्या शेतावरचं काहीही चालेल. वाटेत शेतकऱ्यांचा बाजार लागला तर गाडी थांबते. झालं. चार माणसांच्या पोटात मावेल तेवढी मदत.

"हे सगळं पोट भरलेल्या गोऱ्यांचं फॅड," असं कुणी म्हटलं की मात्र मी भांडते. अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या दिवसांत काळ्या वादकांना रस्त्यावरच्या कितीतरी हॉटेलांत ताटच मिळत नसे. कुठे जेवायला आणि झोपायला मिळेल हे सांगणारं व्हिक्टर ग्रीन यांचं 'ग्रीन बुक' 1936 साली निघालं ते त्यामुळेच. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जेवून ती माणसं पुढच्या गावी वाजवायला गेली. जॅझचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग तर पत्राखाली सही करताना न्यू ऑर्लिन्सच्या राजमा-भाताचं नाव घालत. आमच्या धंद्यात गावचं जेवण काल आलेलं नाही.

पूर्वी मी याच्याही पुढे जायचे. फ्रान्समधल्या मार्सियाकचं उदाहरण लोकांच्या तोंडावर फेकायचे. जेमतेम हजार-बाराशे वस्तीचं गाव, 1978 पासूनचा जॅझ महोत्सव, ट्रम्पेटवादक विन्टन मार्सालिसचा पुतळा, शिवाय बदकं पाळणाऱ्यांचा आणि आर्मान्याक ही ब्रँडी गाळणाऱ्यांचा मुलूख. बघा, संगीताने गाव जगतं! आता तेव्हाच्या त्या स्वतःला विचारावंसं वाटतं, बाई, मार्सियाकला लोक दर उन्हाळ्यात परत येतात, तू कुठे जातेस परत? इकडे अमेरिकेत 1986 पासून एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाने हंगामाआधी पैसे भरायचे, दर आठवड्याला भाजीचा वाटा न्यायचा, पीक गेलं तर नुकसानही सोसायचं. शेतकऱ्याला असं गिऱ्हाईक हवं असतं. आम्ही बुधवारी येतो, गुरुवारी निघतो. आमचा ड्रमर म्हणतो, सात डॉलरचं लेट्यूस घ्यायचं म्हणून आपण पेट्रोल जाळतो. मी म्हणते, गाडी तशीही जाणारच होती. तो म्हणतो, लेट्यूससाठी नव्हती जाणार.

आता फोटो.

2023 चा जुलै. व्हरमाँटमध्ये त्या वर्षी मे महिन्यातच कडाक्याचं हिंव पडून सफरचंदाचा मोहोर जळाला होता. मग 10 आणि 11 जुलैला पाऊस असा कोसळला की राजधानी माँटपीलियरचा बाजार पाण्याखाली गेला आणि विनूस्की नदी काठच्या शेतांत शिरली. त्याच आठवड्याच्या अखेरीस त्या खोऱ्यातल्या एका शेतावर आमची सुपारी होती. तिकिटात जेवण धरलेलं, जेवण त्याच शेतातलं. शेताच्या मालकीणबाईंचा फोन आला, "कार्यक्रम होणार नाही. पण हात हवे आहेत."

पाणी ओसरलं होतं. पानांवर राखाडी गाळ, हवेत डिझेलचा आणि मैल्याचा वास. आणि झुकिनी? धुतली की टवटवीत, कुठे डागसुद्धा नाही. गिटारवाल्याने खिशातून पैसे काढले. म्हणाला, आम्ही सगळी घेतो. बाई म्हणाल्या, "विकता येत नाही. फुकटही देता येत नाही." पुराचं पाणी लागलेला भाजीपाला अमेरिकेच्या कायद्यात दूषित अन्न ठरतो, कारण त्या पाण्यात सांडपाणी असतं, तेल असतं, आणखी काय काय असतं. आमच्या मदतीचा सगळा पाया विकत घेण्यावर, आणि इथे हजारोंनी भाजी समोर असून घेण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारभर आम्ही ती तोडून टाकायच्या ढिगावर नेली. ड्रमर सारखा माझ्या बोटांकडे बघत होता. हातमोजे फाटले आणि त्या पाण्यात जखम झाली तर महिनाभर बेस बंद. गिटारवाला घसरून चिखलात बसला, आम्ही हसलो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. तुम्हाला त्यात जी सुगी दिसते ती ही.

त्याच आठवड्यात नारायणगावहून मामाचा फोन होता. टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलेलं. मे महिन्यात याच मामाने भाव नाही म्हणून टोमॅटो बांधावर ओतले होते. "तुमच्याकडे काय भाव?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मामा, नंतर बोलू.

निघताना बाईंनी ठरलेल्या बिदागीचा चेक पुढे केला. पूर्ण रकमेचा. आम्ही नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तारीख राखून ठेवली होती. मी तुमच्याकडून दया घेत नाहीये." तो चेक आम्ही वटवला. हो, वटवला. ड्रमरचं भाडं थकलं होतं, आणि तिच्यासमोर तो फाडला असता तर काय झालं असतं याचं नाटक मी मनात कितीदा रंगवलंय. दर वेळी त्यात मी छान दिसते आणि ती लहान होते. गिटारवाल्याला हे पटत नाही. त्याच्या मते मी स्वतःसाठी सोयीचं कारण शोधलंय. असेलही.

2024 च्या जुलैत, बरोबर त्याच तारखांना, व्हरमाँटमध्ये पुन्हा पूर आला. बाईंनी तोवर भाजी चढावरच्या भाड्याच्या जमिनीवर हलवली होती. हिवाळ्यात त्या आता एका शाळेत काम करतात, जशी मी शिकवण्या करते.

रायडरमध्ये आम्ही एक ओळ वाढवली. शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी रोख द्यायचे, महिन्याने नाही. आयोजक कुरकुरतात. काही देतात, काही ती ओळ वाचतच नाहीत. ड्रमरच्या मते ही ओळसुद्धा आमच्याच समाधानासाठी आहे.

पुढच्या उन्हाळ्यासाठी मी बाईंना फोन केला. म्हटलं, या वेळी फुकट वाजवतो. त्यांनी ठाम नकार दिला. मग बिदागी सांगितली, तर म्हणाल्या फार आहे. सध्या घासाघीस चालू आहे. मी वर ओढतेय की खाली, हे गिटारवाला रोज विचारतो.