जिंकलेल्या वर्षाचा हिशेब

जुलै महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या करसल्ल्याच्या ऑफिसात मान वर करायला उसंत नसते. २०२४ च्या जुलैत अशाच गर्दीत एक जुने क्लायंट मुलाला घेऊन आले. काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा ऐरोलीत आयटीत. "नुसता पगार आहे साहेब, फॉर्म १६ आणलाय," म्हणाले.

एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची वर्षभराच्या उत्पन्नाची नोंद, उघडल्याशिवाय मी कुणाच्याच रिटर्नला हात लावत नाही. पगार, बचत खात्याचं व्याज आणि त्याखाली कलम १९४बीए : ऑनलाइन गेममधली निव्वळ कमाई १,४२,००० रुपये, टीडीएस ४२,६००. स्क्रीन काकांनाही दिसत होती.

"हे कसले पैसे रे?"

"पोकर. पत्त्यांचा खेळ, ऑनलाइन खेळतो. जुगार नाही पप्पा, स्किल गेम आहे."

मुलगा अभ्यासू होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मित्रांमुळे सुरुवात झाली, मग व्हिडिओ बघून शिकला. क्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने २००३ मध्ये इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर गाठली आणि २५ लाख डॉलर जिंकले, ही गोष्ट त्याला तोंडपाठ. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, हा सुप्रीम कोर्टाचा १९६८ चा निकालसुद्धा ठाऊक. गौरी-गणपतीत रात्री जागून पत्ते कुटणाऱ्या काकांना यातलं काही उमगत नव्हतं.

पोकरला डोकं लागतं, हे मला मान्य आहे. पान कधी टाकून द्यायचं हे कळणारा आणि न कळणारा यांच्यात फरक पडतोच. पण ॲपवाला डावांमधून रेक, म्हणजे स्वतःचा वाटा, काढत राहतो, कुणीही जिंको. टेबलावरच्या सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर तो तोट्यातच असतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागायचा. १०,००० भरले की २,१८७ रुपये करातच गेले. कंपन्या बोनस देऊन ते झाकत होत्या, एवढंच.

"सर, आदल्या वर्षी २,९०,००० गेले होते. ते यातून वजा होतील ना?"

काकांना ही रक्कम तेव्हाच कळली. ते खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

वजा होत नाहीत. हा तोटा पुढच्या वर्षात ओढता येत नाही, पगारातूनही वळता होत नाही. जिंकलेल्या रकमेवर मात्र सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे आणखी १,७०४ रुपये भरायचे. मी कागदावर मांडून दाखवलं : दोन वर्षांत खेळात १,४८,००० चा तोटा आणि त्यावर ४४,३०४ रुपये कर. मुलगा कागदाकडे बघत राहिला. इतकी आकडेमोड येणाऱ्या पोराने हा साधा ताळेबंद कधी मांडलाच नव्हता. कारण ॲपवर त्याला रोज फक्त त्या दिवसाचं दिसायचं. त्याच्या फोनमधली यूपीआयची यादी बघितली. मध्यरात्र उलटल्यावर ५००, १,०००, मग २,०००, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. हे कौशल्य नव्हे, ही हरलेले पैसे परत मिळवायची धडपड, आणि ती मी त्याला वडिलांसमोरच बोलून दाखवली. पोर हुशार आहे म्हणून जास्त जीव तुटत होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, दोन्हींवर. शिक्षा चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. मला हा कायदा उशिरा आला असं वाटतं. त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला, वॉलेटमध्ये थोडे पैसे अडकलेत, काय करू? म्हटलं, आजच्या आज काढून घे, टीडीएस कापला तर कापू दे. आणि सगळं स्टेटमेंट उतरवून मला मेल कर, ॲप बंद पडलं तर पुढच्या जुलैत ते मागायचं कुणाकडे?