सुतळीचं माप

उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरायचा, बीपी-शुगर बघायची आणि कंबर मोजायची. फॉर्मवर कंबर म्हणजे एक ओळ, पण गावात तो एक सोहळाच असतो. बायका म्हणतात, "मॅडम, लुगड्यावरनंच घ्या." निऱ्या आणि नाडीवरून घेतलेलं माप मग भलतंच येतं. खरं तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावायचा असतो.

पहिल्या तपासणीत माझी चूक झाली. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत मी एका काकींना म्हटलं, "वजन ८१ किलो! भात बंद करा." मागे कुणीतरी खिदळलं. काकी तीन महिने फिरकल्या नाहीत. आशाताईनं मला सुनावलं, "ती बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं संपवते. टाकवत नाही म्हणून खाते. तिला काय बंद करायला सांगताय?"

तिनंच समजूत घालून त्यांना पुन्हा आणलं. या वेळी आम्ही चादरीचा आडोसा केला होता. कंबर ९६ सेंटिमीटर भरली. बायकांना ८० च्या आत हवी. बीपी १४८/९४, शुगर मात्र चांगली.

गाडीवरून सोडायला आलेले काका दारातच उभे होते. "हिलाच सांगा मॅडम. मी तर काडी."

हातपाय होतेही काडीच, पण बंडीखाली पोट मडक्यासारखं. आलेच आहेत तर घेऊ म्हणून टेप लावला, तर ९८. पुरुषांची मर्यादा ९० ची. उंची १६८, वजन ६४, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्याही आत. कागदावर माणूस ठणठणीत. बोट टोचलं तर शुगर २७४. आमच्याकडे १४० च्या वर आकडा गेला की प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं असतं. मी मशीन बिघडलंय का म्हणून दुसऱ्या बोटावर पाहिलं. तेच.

पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००४ चा फोटो मला आठवला. शेजारी लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तसाच फोटो माझ्या दारात उभा होता, आणि मी मात्र काकींच्या भाताच्या मागे लागले होते.

मग बसून विचारपूस केली. काका दूध डेअरीवर मापाडी. येईल तो चहा पाजतो; आठ कप, कपाला दोन चमचे साखर, वर फरसाण. शेतात आता ट्रॅक्टर राबतो. घरात माणसं चार आणि तेलाच्या पिशव्या महिन्याला सहा.

"पिशवीत ९१० ग्रॅम," मी फॉर्मच्या पाठीवर हिशेब मांडला. "माणशी रोज ४५ ग्रॅम. चार पिशव्यांत भागवलंत तर तिसावर येतं."

काकी पहिल्यांदाच हसल्या. "भजी यांनाच लागतात."

टेप काही घरोघरी नसतो, पण कंबर उंचीच्या निम्म्यात बसायला हवी हे सुतळीनंही कळतं. म्हणून काकांच्या उंचीएवढी सुतळी कापली, दुहेरी केली आणि पोटाभोवती धरायला सांगितली. दोन्ही टोकांत अर्ध्या वितेहून जास्त फट राहिली. काका बराच वेळ ती ओढत होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी तपासून डॉक्टरांनी गोळी सुरू केली, काकींना बीपीची. तीन महिन्यांनी काकी ७८ किलोवर होत्या. भाकरी झाल्या की त्या आता आपलं ताट आधी वाढून ठेवतात; उरलेलं म्हशीला जातं. काकांची शुगर दोनशेच्या आत आलीय. चहा दोनच कप घेतात. फरसाण सुटलंय असं ते म्हणतात, काकी म्हणत नाहीत.

सुतळी डेअरीच्या खिळ्याला टांगलीय. दूध घालायला आलेले सगळे ती पोटाला लावून बघतात. ज्याची त्याच्या उंचीएवढी वेगळी हवी, हे मी दोनदा सांगून आले. तरी परवा एक बुटके, गोल गृहस्थ खुशीत आले, "मॅडम, मला तर बसली!" मी त्यांच्या मापाची नवी कापून दिली. म्हणाले, ही आखूड आहे.