भाऊमामांना जटायू करा

मालिकेतलं माणूस राहणार की जाणार, हे बहुतेक वेळा गुरुवारी ठरतं. कोणती मालिका किती पाहिली गेली, याचे बार्क या संस्थेचे आठवड्याचे आकडे त्या दिवशी येतात, आणि दुपारनंतर वाहिनीकडून फोन सुरू होतात. कुणाचा ट्रॅक, म्हणजे कथेतला धागा, वाढवा, कुणाचा गुंडाळा. गुंडाळायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते आमच्यावर सोडलेलं असतं.

मी नाशिकला राहून एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी आमच्याकडे वाटणी असते. संवादलेखक सहसा सेटवर फिरकत नाही, सीन मेल केला की सुटला. पण आमचं शूटिंग गंगापूर रोडच्या पुढे एका भाड्याच्या बंगल्यात चालतं आणि माझं घर तिथून स्कूटीच्या अंतरावर. त्यामुळे काही पेटलं की पहिला फोन मला.

भाऊमामा म्हणजे नायिकेचे सख्खे मामा. तिच्या आईच्या माहेरच्या जमिनीचं गुपित फक्त त्यांना ठाऊक, अशी त्यांची एन्ट्री. प्रोमो झाला, पार्श्वसंगीत वाजलं, मामा हातात पिशवी घेऊन एसटीतून उतरले. ही भूमिका करणारे काका नाशिकच्या हौशी रंगभूमीवरचे जुने नट. सातपूरच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, पण खरं आयुष्य गेलं ते राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत. या मालिकेसाठी त्यांनी यंदाच्या स्पर्धेतलं काम सोडलं होतं. सेटवर स्पॉटबॉयपासून दिग्दर्शकापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत.

मामा पडद्यावर स्थिरावतात न स्थिरावतात तोच आत्या गाजायला लागली. आत्या म्हणजे आमची खलनायिका. तिच्या दोन सीननी आकडा वर नेला आणि वाहिनीचं म्हणणं आलं, की जमिनीचं गुपित आत्याच्या हातात हवं. आता एका गुपिताला दोन मालक चालत नाहीत. ज्याला सगळं माहीत आहे असा माणूस घरात बसवून ठेवला, की प्रेक्षक रोज संध्याकाळी विचारतो, हा बोलत का नाही? म्हणजे एकतर त्याला बोलतं करा, नाहीतर घालवा. बोलतं केलं तर मालिकाच संपते.

पात्रं जातात ती बऱ्याचदा अशीच. त्यांचं काम दुसरंच कुणीतरी करायला लागतं. ‘हॅपी डेज’ या अमेरिकी मालिकेत १९७४ साली नायकाला चक नावाचा मोठा भाऊ होता. पण फॉन्झी नावाचा जॅकेटवाला पोरगा इतका चालला, की मोठ्या भावाने द्यायचे सल्ले तोच द्यायला लागला. मग चकला काही कामच उरलं नाही. दुसऱ्या पर्वानंतर तो दिसेनासा झाला आणि १९८४ च्या शेवटच्या भागात बाप खुशाल दोन मुलं वाढवल्याचं समाधान बोलून दाखवतो. तिसरं कुठे गेलं, घरात कुणाला पडलेलं नाही. तिकडे अशा गायब होण्याला चकचंच नाव पडलं आहे. आमच्याकडे नाव नाही, पण सोय तीच. शिकायला पुण्याला गेलेला धाकटा दीर परत आलेला तुम्ही किती मालिकांत पाहिलात?

तर त्या सकाळी मी सेटवर पोचले, तेव्हा आर्ट डिपार्टमेंटचा पोरगा हॉलच्या भिंतीला खिळा ठोकत होता. खाली सोफ्यावर फ्रेम पडलेली. फ्रेममध्ये काकांचा लुक टेस्टचा फोटो, त्यावर चंदनाचा हार, आणि कपाळाच्या जागी काचेवर ओलं कुंकू. बोट अजून लाल होतं पोराचं. प्रॉडक्शनने रात्री त्याला यादी पाठवली होती, त्याने ती इमानेइतबारे पुरी केली. फक्त काकांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि ते डबा आणि डायलॉगचे कागद घेऊन दारात उभे होते.

काकांनी फोटो बघितला, मग पोराकडे. “फोटो बरा आलाय,” म्हणाले. “हार जरा डावीकडे घे बाळा, कान झाकला जातोय.”

आणि मेकअप रूममध्ये जाऊन बसले. मी मागोमाग गेले. दोन मिनिटं आरशातच बघत राहिले, मग म्हणाले, “काम गेलं त्याचं काही नाही गं. पण घरी आई आहे, नव्वदीची. रोज मालिकेच्या वेळेला टीव्हीसमोर बसते. तिला भिंतीवर हे दिसणार. मी शेजारी बसून काय सांगू, की अगं मी इथेच आहे?”

वाहिनीची ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, मुंबईहून व्हिडिओ कॉलवर होती. पोरगी हुशार आणि वाईट मुळीच नाही, पण तिच्यासमोर एक्सेलची शीट उघडी होती. “ताई, अपघात करू ना. फोन येतो, आई कोसळते, फोटोला हार. एक इमोशनल एपिसोड सुटतो आपला.” यातली मेख अशी, की फोनवरच्या मरणाला काही खर्च नाही. लोकेशन लागत नाही, नट लागत नाही, आहे त्या हॉलमध्ये आहे ती माणसं रडतात.

काकांनी तिला ऐकू जाईल अशा बेताने मला विचारलं, “तू पंचवटीतलीच ना? मग शूर्पणखा माहीत असेल. तपोवनात यायची, नाक कापून घ्यायचं, आधी खराकडे आणि मग रावणाकडे जाऊन आग लावायची. झालं तिचं काम. पुढे लंकेत एवढं रामायण घडतं, तेव्हा ही बाई कुठे असते? कथेला तिची गरजच नाही उरली. आणि आमच्या इगतपुरीकडे टाकेदला जा. तिथे लोक जटायूची जागा दाखवतात. तोही येतो पंचवटीच्याच कथेत, जातोही त्याच कथेत. कितीसा रोल आहे त्याचा? पण रावणाचा रथ मोडून पडतो, पंख गेले तरी राम येईपर्यंत जीव धरून राहतो, सीतेला कुठल्या दिशेला नेलं ते सांगतो आणि मग डोळे मिटतो. मला घालवा, पण जटायू करा. शूर्पणखा नको.”

स्क्रीनवर शांतता. दिग्दर्शक कपाळ खाजवत होता. मला मात्र सीन दिसायला लागला. जाणाऱ्याने जाता जाता काहीतरी करून जायला हवं, आणि ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येऊ नये. मग पाच भाग असोत की पाचशे.

ईपीला मात्र रामायणाने नाही, मेंदीने पटवलं. तीन आठवड्यांवर नायिकेच्या लग्नाचा ट्रॅक होता. म्हटलं, सख्खा मामा गेला आणि महिन्याच्या आत ही हसत मेंदी काढून बसली, तर बायका तिला सोडणार नाहीत. नायिकेच्या सहानुभूतीला हात लागतोय म्हटल्यावर ईपी थांबली. मग मी दुसरा मुद्दा काढला, की प्रेत दाखवू नये आणि मेल्याची बातमीही देऊ नये. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलने १८९३ साली मॉरिआर्टी या खलनायकाला एकाच कथेत आणलं आणि त्याच कथेत धबधब्यात घातलं. त्याला आणलंच मुळी होम्सला संपवायला. पण वॉटसनने होम्सला पडताना पाहिलं नव्हतं, म्हणून १९०३ मध्ये होम्सला सुखरूप परत आणता आलं. दार किलकिलं ठेवायला पैसे पडत नाहीत. हे शेवटचं वाक्य तिला आवडलं.

मामांना नर्मदा परिक्रमेला पाठवायचं ठरलं. पायी परिक्रमा परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. मध्ये फोन लागत नाही म्हटलं तरी खपतं.

स्वयंपाकघराच्या सेटवर ओट्याला कागद टेकवून मी सीन लिहिला. बाहेर जनरेटर, आत खोट्या गॅसवर खरं दूध. मामांना आत्याने कोंडीत पकडलेलं आहे, बोललात तर बहिणीचा संसार मोडेन म्हणून. मामा बोलत नाहीत. पहाटे उठतात, आंघोळ करतात, देव्हाऱ्यातलं लाल वस्त्र उचलून त्याखाली जमिनीच्या फेरफाराची नक्कल ठेवतात, आणि पिशवी घेऊन निघतात. फाटकात नायिका गाठते. “मामा, कधी याल?” एवढंच तिचं वाक्य. मामांचं उत्तर मी आधी चार ओळींचं लिहिलं होतं. तालमीत काका म्हणाले, “हे सगळं राहू दे. मैया सोडेल तेव्हा, एवढंच म्हणतो.”

फेरफाराची नक्कल ऐनवेळी कुठून आणणार? आर्टच्या पोराने विजेच्या बिलाची झेरॉक्स चौघडी घडी करून दिली. कॅमेरा देव्हाऱ्याच्या बाजूने लावला, कोरी बाजू वर. पण काकांनी ते बिल ज्या हाताने ठेवलं ते बघायला हवं होतं. वस्त्र उचललं, घडी ठेवली, वस्त्र परत टाकलं, आणि मग त्याची एक सुरकुती तळहाताने सारखी केली. ती सुरकुती माझ्या कागदावर नव्हती. एका टेकमध्ये ओके. आत्याचं काम करणारी बाई मॉनिटरमागे उभी होती, तिने आधी टाळी वाजवली.

कट झाल्यावर आर्टचा पोरगा फोटोची फ्रेम घेऊन काकांसमोर आला. याचं काय करू म्हणून. काकांनी काच पुसून घेतली आणि हार त्यालाच देऊन टाकला. “लागेल तुला, मालिका मोठी आहे,” म्हणाले. फोटो घरी नेला. मानधन आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे नव्वद दिवसांनी, म्हणजे भूमिकेपेक्षा चेकचाच प्रवास मोठा.

पुढचं थोडक्यात. तो भाग चांगला चालला. देव्हाऱ्यातली ती घडी मात्र अजून कुणी उचललेली नाही. पटकथाकार बदलला आणि नव्याने तिची चौकशी केलेली नाही. मी दोनदा आठवण दिली, आता देणार नाही.

लग्नाचा ट्रॅक आला तेव्हा ईपीचा फोन आला. नायिकेला बोहल्यावर कोण आणणार, असा प्रश्न बैठकीत निघाला होता. मुलीला मामाच आणतो, हे तिला तोवर कुणीतरी सांगितलं होतं. “ताई, परिक्रमेतून दोन दिवस सुट्टी मिळते का हो?”

म्हटलं, उचललेली परिक्रमा मध्ये सोडत नाहीत, पण काकांना विचारते. काकांना फोन लावला तर मागे तालमीचा गलका. स्पर्धेच्या नाटकातलं सोडलेलं काम त्यांना परत मिळालं होतं, नायकाच्या बापाचं.

“तारखा कुठल्या?” त्यांनी विचारलं. मी सांगितल्या.

“त्यातल्या एका दिवशी आमचा प्रयोग आहे,” काका म्हणाले. “तिला सांग, मैया सोडत नाही.”